‘एआय’ची तोंडओळख आणि मुंजीतला शुभविवाह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ज्येष्ठांसाठीचा ‘एआयची (म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची) तोंडओळख’ हा लेख वाचला. या विषयाची सुरुवात मानली जाते ती अमेरिकेतली १९५६ची डार्टमथची परिषद, ती भरवणाऱ्यांतले जॉन मॅकार्थी, विचारलेल्याला लिहून उत्तर देणारं, नोव्हेंबर २०२२मध्ये आलेलं चॅटजीपीटी, सगळं आलं. पण हे यंत्र बोलतं कसं, ते ‘माणसासारखा विचार करतं’ एवढ्यावर उरकलं. माझं अडलं ते तिथेच.

सांगलीत एका छापखान्यात मी एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवले. लग्नसराईत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं स्टिकमध्ये (खिळे जुळवायच्या पट्टीत) बसलं की पुढचे खिळे हात आपसूक उचलायचा, कॉपीकडे बघायचीही गरज नसे. असंच एकदा मुंजीच्या पत्रिकेत आठ वर्षांच्या बटूचा मी ‘शुभविवाह’ जुळवला. शुद्धलेखनात एक चूक नाही, काना-वेलांटी जागच्या जागी! मालकांनी प्रुफात पकडलं म्हणून वाचलो.

नात कॉम्प्युटर शिकते. तिने सांगितलं ते ऐकून मला तो बटूच आठवला. या यंत्राला अफाट मजकूर वाचायला देतात आणि पुढचा शब्द ओळखायला लावतात. चुकलं की आतले आकडे किंचित इकडेतिकडे सरकवायचे. असे आकडे अब्जावधी. शब्दांचेही ते तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात. आमच्या केसमध्ये (खिळ्यांच्या पेटीत) रफार नि उकार वेगळ्या खणांत असत, तसंच काहीसं. कल्पना तशी जुनी. १९१३ साली मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं मोजून स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं ते काढलं होतं. तेही हाताने! हा माणूस मला आमच्या छापखान्यातलाच वाटला.

तर मुद्दा असा की हे यंत्र खोटं बोलत नाही. खोटं बोलायला खरं ठाऊक असावं लागतं. पुढे काय शोभेल ते ते जुळवतं. काही यंत्रं आधी इंटरनेटवर शोधून मग उत्तर देतात म्हणे, पण समोरचं उत्तर शोधलेलं की नुसतं जुळवलेलं, हे आमच्यासारख्याला कळायचं कसं? आमच्या कट्ट्यावरची मंडळी त्याला बीपीच्या गोळीचा डोस विचारतात. नवख्याला पहिल्या परिच्छेदात हे सांगा, डार्टमथ मागाहून आलं तरी चालेल.

मी स्वतः त्याला तुकोबांचा पावसावरचा अभंग मागितला. लगेच दिला. यमक चोख, शेवटी ‘तुका म्हणे’. गाथेच्या मागची अकारविल्हे सूची मी आणि नातीने दोनदा चाळली. नाही. तसं त्याला कळवलं, तर त्याने अदबीने माफी मागितली आणि ‘हा घ्या मूळ अभंग’ म्हणून दुसरा दिला. तोही गाथेत नाही.

आपला,
एक निवृत्त खिळेजुळारी, सांगली