सिल्व्हिया मॉय यांचं नाव का गाळलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, अमेरिकेतले अंध गायक स्टीव्ही वंडर यांच्या ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ या प्रेमगीतावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या सोल संगीताला (तिथल्या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीला) एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण सगळा लेख ‘दृष्टी नसतानाही सतराव्या वर्षी केलेला चमत्कार’ याच सुरात आहे. ज्यांनी या मुलाबरोबर बसून ते गाणं रचलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव लेखात नाही. मी अंध मुलांच्या शाळेत संगीत शिकवते. आमच्या मुलांचं कौतुकही बहुतेकदा असंच होतं. त्यांचा रियाज आणि त्यांच्यामागे राबणारी माणसं त्यात कुठेच दिसत नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

1963 मध्ये तेरा वर्षांच्या स्टीव्हीचं ‘फिंगरटिप्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे त्याचा आवाज फुटला, रेकॉर्ड चालेनाशा झाल्या आणि मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीत त्याला ठेवायचं की नाही, याची चर्चा सुरू झाली. तेव्हा सिल्व्हिया मॉय या तरुण गीतलेखिकेने त्याच्याबरोबर काम करायची संधी मागून घेतली. त्याच्याजवळ सुरावटींचे जे काही तुकडे होते ते सगळे तिने वाजवून घेतले आणि त्यातल्याच एका अर्धवट तुकड्यातून 1965 मध्ये ‘अपटाइट’ हे गाणं उभं राहिलं. ते देशात तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. ‘अपटाइट’ चाललं नसतं, तर दीड वर्षाने आलेल्या त्या प्रेमगीतापर्यंत हा मुलगा पोहोचलाच नसता.

‘अपटाइट’च्या ध्वनिमुद्रणाची हकिकत मॉय यांनी सांगितली आहे. गाण्याचे शब्द ब्रेलमध्ये तयार नव्हते. मग स्टीव्ही एक ओळ गात असताना मॉय पुढची ओळ त्याच्या हेडफोनमध्ये सांगत राहिल्या. वाचायला हे सोपं वाटतं. स्नेहसंमेलनात ऐन वेळी बदललेलं कडवं विंगेतून मुलांना सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. पुढची ओळ नेमकी गाणारा श्वास घेतो त्या फटीत पडावी लागते. जरा आधी सांगितली तर ती चालू ओळीवर आदळते आणि मूल गोंधळतं. जरा उशीर झाला तर सम निघून जाते. गाणाऱ्याला तर तोंडाने एक ओळ गायची, कानाने दुसरी धरायची आणि तरी भाव सुटू द्यायचा नाही. तो मुलगा असामान्य होताच, त्याबद्दल वादच नाही. पण सांगणारीही तितकीच तालाची पक्की होती.

आता ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’कडे येते. 1967 च्या मे महिन्यात ते आलं. त्याचं श्रेय चौघांच्या नावावर आहे: स्टीव्ही, हेन्री कॉस्बी, सिल्व्हिया मॉय आणि स्टीव्हीची आई लूला मे हार्डवे. प्रेमगीत लिहिताना मुलाच्या शेजारी आईचं नाव! मला तर यातच गाण्याचा निम्मा गोडवा सापडतो. ही स्टीव्हीची शब्दशः आपबीती आहे असं लेखात म्हटलं आहे, तेही खरं नाही. गाण्यातला नायक आपला जन्म आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा सांगतो, स्टीव्हीचा जन्म मिशिगनमधल्या सॅगिनॉचा. ओळी जुळवून, घासूनपुसून केलेलं हे काम आहे. आवाजात हवी ती धग यावी म्हणून निर्माते कॉस्बी यांनी त्याला डेट्रॉइटच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये नेऊन तिथल्या धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकवलं. गाण्याच्या उत्तरार्धात आवाज फाटायच्या बेताला येतो, ओळी एकमेकींवर चढतात, तिथे हा संस्कार साफ ऐकू येतो.

आणि या गाण्यातली मोटाउनचे वादक जेम्स जेमर्सन यांची बेस गिटार! वाचकांना माझी विनंती आहे, चांगला हेडफोन लावून एकदा फक्त तीच ऐका. उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवणारा हा माणूस एकाही कडव्यात गप्प बसून नुसता ठेका धरत नाही, गायकाशी सतत बोलत राहतो. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या एका घरातला मोटाउनचा स्टुडिओ, आणि तिथे दिवसेंदिवस वाजवणाऱ्या या वादकांची नावं रेकॉर्डवर छापली जात नव्हती. मोटाउनने ती पहिल्यांदा छापली 1971 मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. निर्मितीतही आपला वाटा होता, पण त्याचं श्रेय आपल्याला मिळालं नाही, असं मॉय स्वतः सांगत असत. गीतकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश व्हायला 2006 साल उजाडलं. 2017 मध्ये त्या गेल्या.

जुलै 1967 च्या अखेरीस हे गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत अव्वल. त्याच आठवड्यात डेट्रॉइट दंगलीत जळत होतं. त्या दंगलीत 43 माणसं गेली. लेखात याचाही उल्लेख हवा होता, पण जागेची अडचण मी समजू शकते.

नावांच्या बाबतीत मात्र ती सबब चालणार नाही. विविध भारतीवर गाण्याआधी गीतकार-संगीतकारांची नावं ऐकतच आपण वाढलो. आपल्या वाचकाला चार नावं जड होणार नाहीत. पुढच्या रविवारी याच पानावर त्या चौघांची आणि जेमर्सन यांचीही नावं छापावीत, ही विनंती. लेख आमच्या शाळेच्या ब्रेल भित्तिपत्रकासाठी उतरवून घ्यायचा आहे. नावं छापून आली की लगेच काम सुरू करू.

आपली,
एक संगीत शिक्षिका, सातारा