अंकल, तुम्ही आधी ऐकलंत

आदरणीय अंकल,

सप्रेम नमस्कार.

तुमचं वाचन रोमी (रोमन) लिपीतल्या कोंकणीत, माझं लिहिणं मराठीत. पण तुमच्या नातीने शब्द दिलाय, तुम्हाला बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, बसवून हे पत्र ती वाचून दाखवणार आहे. नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत म्हणून इथे तुम्ही नुसते ‘अंकल’, आणि गाव गोव्यातल्या सासष्टीतलं एक गाव.

परवा रात्री आमच्या वाड्यावरच्या गणपतीपुढे आरत्या झाल्या. कातडं ताणलेल्या मडक्यांची दोन घुमटं, काठ्यांनी वाजवायचा शामेळ, कासाळे म्हणजे झांजा, पेटी आणि एका कोपऱ्यात मी बेस गिटार घेऊन. माझे वडील चाळीस वर्षं घुमट वाजवतात. मी बेस हातात घेतल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, “तू वाजवतोस ते दिसतं, ऐकू येत नाही.” परवा दुसऱ्या आरतीला त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या आरत्या संपेपर्यंत माझ्याकडेच तोंड करून वाजवत राहिले. घरी येऊन हातपाय धुताना म्हणाले, “आज तुझं ऐकू आलं रे.” एवढंच. मी अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण डोळे भरले होते. तो आवाज तुम्ही माझ्या बेसला मिळवून दिलेला, म्हणून त्या रात्रीच हे पत्र लिहायला घेतलं.

या बेसवर माझा जीव का आहे, हे एकदा तुम्हाला नीट सांगायचं होतं. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला, तोपर्यंत बेसवाल्याला माणसापेक्षा उंच डबल बेस घेऊन फिरावं लागे आणि मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज पितळी वाद्यांखाली गाडला जाई. फेंडरने पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या तारा, बसवले. बोट पडेल तिथे सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ साली त्याचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, दोन तुकड्यांचा झाला. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, आणि दोन्ही अशा उलट जोडणीत की विजेची घरघर आपसातच मरते. एक व्हॉल्यूम, एक टोन, दुसरं काही नाही. ३४ इंचांची तार, आणि सगळ्यात खालचा सूर, ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, जो कानाइतकाच छातीलाही कळतो. जहाजावर वाजवणाऱ्या एका मित्राकडून मी तो जुना घेतला आणि दीड वर्ष हप्ते फेडले. तो घरी आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावलं होतं.

पण मला हवा होता तो आवाज त्यातून निघेना. आवाज यायचा, भरपूर यायचा. तारा फ्रेटवर खणखणायच्या, प्रत्येक सूर लांबत जायचा आणि पुढच्या सुराच्या पायात यायचा. मला हवा होता घुमटाचा आवाज. लहानपणी वडिलांच्या मांडीला टेकून ऐकलेला. उजवा हात कातड्यावर पडतो, डावा हात मागचं तोंड झाकतो आणि सोडतो, आणि मडक्यातून तो घुमारा येतो जो गोल असतो, आखूड असतो, आणि तरीही त्यात सूर असतो.

हे मी तीन ठिकाणी सांगून पाहिलं. पहिल्या दुकानात त्याने बेस माझ्या हातातून घेतला, अँपला जोडला आणि अंगठ्याने दणादण वाजवून दाखवला. म्हणाला, “मस्त वाजतोय की!” दुसऱ्याने पिकअप बदला म्हणून किंमतच सांगितली. तिसऱ्याने तर ऐन आषाढात, हवा नुसती ओली असताना, नेकमधला, म्हणजे बेसच्या मानेचा वाक सांभाळणारा, रॉड इतका आवळला की तारा पट्टीला जवळजवळ चिकटल्या. पैसे घेतले आणि वर म्हणाला, “तुमच्या देवळातल्या कार्यक्रमाला याहून काय जास्त पाहिजे?” अंकल, ते वाक्य मला अजून बोचतं. देवळातल्या कार्यक्रमाला चांगला आवाज नको असतो, हे त्याला कोणी सांगितलं? तिघांनीही माझ्या हातात बेस एकदा देऊन मला वाजवायला सांगितलं नाही.

मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. मडगाव सोडून पुढे आलो तेव्हा पाऊस असा होता की स्कूटरवर समोरचं दिसत नव्हतं. बेसची पिशवी दोन प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली. तुम्ही दारातच होतात. आधी मला टॉवेल दिलात, आणि मी अंग पुसायला लागल्यावर म्हणालात, “ताका पयलीं पूस.” म्हणजे बेसला. मी पिशवी उघडली. तुम्ही दोन्ही तळहात शर्टावर पुसले, बेसकडे पाहिलं, पण घेतला नाहीत. खुर्ची माझ्याकडे सरकवली. अँप लावायलाही उठला नाहीत.

“पयलीं तूं वाजय. हांव आयकतां.”

मी वाजवायला लागलो. रोजची आरतीची चाल. आणि तुम्ही वाकून तुमची दोन बोटं बेसच्या वरच्या शिंगावर ठेवलीत, अगदी हलकी, वैद्याने नाडी बघावी तशी. डोळे मिटलेले. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि अँप नसलेल्या बेसचा आवाज तो केवढा, पण तुम्हाला तो बोटांतून कळत होता. मी एक आरती संपवून थांबलो तर तुम्ही डोळे न उघडता नुसतं म्हणालात, “आनी एक.” मी दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. पंधरा-वीस मिनिटं तुम्ही तसेच वाकून बसला होतात, या वयात, त्या पाठदुखीत. कितीतरी वर्षांत माझं वाजवणं असं कोणी ऐकलं नव्हतं. मी सुद्धा नाही.

अंकल, त्या दोन बोटांसाठी हे पत्र आहे. बाकी सगळं नंतरचं.

डोळे उघडून तुम्ही विचारलंत, कसला आवाज हवा? मी घाबरत घाबरत म्हटलं, घुमटासारखा. तुम्ही हसला नाहीत. उठून आत गेलात आणि हातात तुमचंच घुमट घेऊन आलात! मांडोच्या गाण्यांना वाजवायचात म्हणे तरुणपणी. मागच्या तोंडावर हात दाबून एकदा वाजवलंत, सोडून एकदा वाजवलंत, आणि म्हणालात, तुझ्या बेसला हा डावा हात नाही, तो आपण देऊ. मग स्वयंपाकघरातला कोरा स्पंज आणलात, भांडी घासायचा, आणि कात्रीने त्याची बोटभर रुंद पट्टी कापून ब्रिजजवळ, तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांखाली सरकवलीत. आंटी आतून ओरडल्या ते मला ऐकू आलं होतं, त्यांचीही माफी मागतो.

रॉड तुम्ही पाव फेरा सैल केलात आणि लाकूड घाईत ऐकत नाही म्हणून बेस एक रात्र ठेवून घेतलात. त्यातलं मला सगळं कळलं नाही आणि तुम्हीही समजावत बसला नाहीत. पण तारांचं विसरणार नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून तुम्ही काढलेल्या त्या चार फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारा, प्रत्येकीचं वेटोळं दोऱ्याने बांधलेलं, टोकाला रेशीम गुंडाळलेलं. बोट फिरवलं तर काचेसारख्या गुळगुळीत. मुंबईत वाजवायचात तेव्हाच्या बेसवरच्या. तुम्ही म्हणालात, या तारा जुन्या होतात तशा खऱ्या बोलायला लागतात. आणि डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतल्या बेसवाल्या जेम्स जेमर्सनची गोष्ट सांगितलीत. त्याचा १९६२चा प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. त्या एका बोटाने अर्ध्या जगाला नाचवलं, आणि वर्षानुवर्षं तबकड्यांवर त्याचं नावसुद्धा छापलं नाही. हे सांगताना तुम्ही जरा गप्प झालात. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईच्या स्टुडिओत गेलेल्या आपल्या किती गोवेकरांची हीच गत झाली, ते तुम्ही बोलला नाहीत, पण मला समजलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीतकार प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे, त्यांचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे. बाकीच्यांचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी बेस परत देताना तुम्ही माझं उजवं मनगट धरून पिकअपवरून नेकच्या दिशेला चार बोटं सरकवलंत. “बळ करूं नाका बाबा. बळ अँप करता.” मी वाजवलं आणि तो आला. तो घुमारा. गोल, आखूड, लाकडाचा. पुढचा सूर वाजला तेव्हा मागचा बाजूला होऊन त्याला जागा देत होता. मला वाटलं, हा आवाज याच बेसमध्ये दीड वर्ष माझ्या घरात होता.

घरी आल्यावर मी फेंडरबद्दल पुन्हा वाचलं. तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवता येत नव्हती. नवीन वाद्य केलं की वादकांच्या हातात द्यायचा आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचा. वाचताना मला तुमची ती खुर्ची आठवली. ज्याला वाजवायचंय त्याला आधी बसवणं, त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून ऐकणं, यात पैसा लागत नाही. डॉक्टर असो, मास्तर असो, पंचायतीतला कारकून असो, ज्याने समोरच्याचं पुरतं ऐकून घेतलं त्याच्याकडून माणूस अर्धा बरा होऊनच परततो. अशी माणसं आपल्या गोव्यात अजून आहेत. देऊळ असो की इगर्ज, दारात आलेल्या ओल्या माणसाला आधी टॉवेल देणारी. माझ्या आईने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण रोज दिवा लावताना ती तुमच्यासाठी एक नमस्कार वेगळा करते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी खिशात हात घातला तर रागावलात. तारांचे तरी घ्या म्हटलं, त्यावर म्हणालात, “चवथीक नेवऱ्यो हाड, पुरो.” तुमच्याकडे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, नाताळात करतात, आमच्याकडे चवथीला, तर वर्षातून दोनदा तुम्हाला मिळतील, एवढा शब्द देतो.

आईने सारणात वेलची जरा जास्त घातलीय, आंटींना आवडते असं तुमची नात म्हणाली म्हणून. डबा भरून ठेवलाय. रविवारी चर्चमधली मीस आटपून तुम्ही घरी पोचलात की येतो. बेसही आणतो. पाऊस ओसरला की नेक पुन्हा हलेल, एकदा दाखव, असं तुम्ही म्हणाला होतात. आणि वडील बरोबर येतो म्हणतायत. त्यांना तुमचं घुमट बघायचंय.

तुमचा,
फोंड्याचा बेसवाला