हाडांच्या ऑपरेशनचा निकाल वर्षाने विचारा

संपादक महोदय,

सांधेबदलावर किंवा हाडांच्या एखाद्या ऑपरेशनवर आरोग्य पुरवणीत लेख आला की मी आधी त्याचा शेवट वाचते. बहुतेक वेळा तिथे वॉकर धरलेला रुग्ण असतो, शेजारी हसरे सर्जन असतात आणि ‘दुसऱ्याच दिवशी चालू लागले’ असे वाक्य असते. दुसऱ्या दिवशी चालतातच. नव्हे, आम्ही चालवतोच, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि छातीत कफ साठू नये. त्यात बातमी काही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि असे लेख जिथे संपतात तिथून माझे काम सुरू होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: हाड, सांधा किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) यांच्या ऑपरेशनचा निकाल साधारण वर्षाने कळतो, आणि तो कळतो रुग्णाला काय करता येते यावरून. हा निकाल रुग्णालयाने लिहून ठेवावा आणि ऑपरेशनला येणाऱ्या पुढच्या माणसाला सांगावा. वृत्तपत्रांनीही तोच विचारावा.

गुडघा बदलून महिना-दीड महिना झालेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर का? गुडघा अजून गरम का लागतो? चालताना आत ‘टक’ असा आवाज कसला? यात बिघडलेले बहुधा काहीच नसते. चीर गुडघ्याच्या पुढच्या बाजूने उभी घेतात आणि तिच्या वाटेत येणारी, कातडीची संवेदना नेणारी एक बारीक नस कापली जाते, म्हणून तो बधिरपणा. पुढे तो कमी होतो, काहींना थोडा कायम राहतो. ऊब कित्येक महिने टिकते. आवाज धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांवर टेकण्याचा असतो. गुडघे टेकून बसणे मात्र अनेकांना पुढेही अवघडच जाते. एवढे आधी कुणी सांगितले असते तर निम्मी घाबरगुंडी टळली असती. पण संमतीपत्रावर सही घेताना भूल, जंतुसंसर्ग, रक्तस्राव हे सगळे असते, आणि रोजच्या जगण्यातले नेमके हेच राहून जाते.

खरी अडचण असते मांडीच्या पुढच्या स्नायूची. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. सांधा नवा कोरा, पण त्याला उचलणारा स्नायू पार ढेपाळलेला. पायऱ्या उतरणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे ही कामे त्याच स्नायूची. तो परत उभा करायला महिने लागतात, आणि त्यात सर्जनच्या हातात फारसे काही नसते.

एका निवृत्त शिक्षिकेचा एक्स-रे असा होता की विद्यार्थ्यांना दाखवावा. सांधा अगदी रेषेत, सिमेंट एकसारखे बसलेले. पण वर्ष उलटले तरी बाई दोन्ही हातांनी कठडा धरून आडव्या पावलांनी जिना उतरत होत्या. त्याच सुमारास खांद्याची फाटलेली कंडरा शिवून घेतलेले एक गृहस्थ येत. सोनोग्राफीत त्यांची शिवण पुन्हा सुटलेली दिसली, तरी ते खूश होते, कारण त्या कुशीवर झोपता येऊ लागले होते. चित्र चांगले आणि माणूस वाईट, किंवा उलटे, हे आमच्या कामात नेहमीचे आहे. खांद्याच्या मोठ्या फाटीची शिवण सुटणे काही दुर्मीळ नाही, आणि सुटूनही बऱ्याच जणांचे दुखणे कमी झालेले असते.

आकडेही असेच दोन तोंडांनी बोलतात. वेगवेगळ्या देशांच्या सांधेबदल नोंदवह्यांतून २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २५ वर्षांनंतर संपूर्ण गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के आणि खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे जागेवर टिकलेले असतात. जाहिरातीत असेच आकडे येतात. पण सांधा टिकला याचा अर्थ तो पुन्हा बदलावा लागला नाही, एवढाच. दुखणे गेले की नाही ते त्यात येत नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक वर्षानंतरही दुखण्याची तक्रार करतो किंवा समाधानी नसतो. खुब्याच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे जो सांधा जास्त टिकतो त्याचीच माणसे जास्त कुरकुरतात. खुबा आणि गुडघा यांना एका वाक्यात बसवून ‘सांधेबदल सुरक्षित आणि गुणकारी’ असे लिहिणाऱ्याने हा फरक पाहावा.

हा वर्षानंतरचा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन हेच म्हणत होता. खांद्याच्या व्यायामांतला एक प्रकार आम्ही अजून त्याच्याच नावाने शिकवतो, पण त्याचे मोठे काम वेगळे होते. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करायचे, वर्षाने त्याला पुन्हा बोलावायचे, आणि गुण आला नसेल तर का आला नाही हे कार्डावर लिहायचे. दोष रोगाचा, रुग्णाचा, साधनांचा की सर्जनचा? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ही पद्धत मनापासून घ्यावी आणि सर्जनना बढती सेवाज्येष्ठतेवर न देता निकालांवर द्यावी, असा त्याचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, तेव्हा १९१४ मध्ये त्याने तिथला राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी एका वैद्यकीय सभेत त्याने मोठे व्यंगचित्र लावले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग, म्हणजे गावातली पैसेवाली जनता, सोन्याची अंडी मागे लाथाडतो आहे आणि डॉक्टर मंडळी ती वेचत आहेत. गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याला जवळपास वाळीतच टाकले. पण स्वतःच्या छोट्या रुग्णालयाचे निकाल त्याने स्वखर्चाने छापले. १९११ ते १९१६ या काळातले ३३७ रुग्ण आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका, आपल्याच नावावर. आजच्या एखाद्या रुग्णालयाच्या माहितीपत्रकात असा तक्ता कुणाला सापडला तर मला जरूर कळवा.

वर्षाने विचारण्याची सवय लागली की काही ऑपरेशनांचा भाव उतरतो. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आत ‘साफसफाई’ करण्याचे ऑपरेशन एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेत १८० रुग्णांवर त्याची परीक्षा झाली आणि निष्कर्ष २००२ मध्ये आले. काहींचा गुडघा खरोखर साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षे पाहिले तरी तिन्ही गट सारखेच. फिनलंडमध्ये २०१३ साली हेच गुडघ्यातल्या झिजून फाटलेल्या गादीबद्दल दिसले. १४६ जणांत गादीचा तुकडा कापलेले आणि कापल्याचा केवळ आभास निर्माण केलेले, दोघेही वर्षाने सारखेच बरे. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या अभ्यासांनी खांद्यातले हाड तासण्याच्या ऑपरेशनचीही तीच गत केली.

यावर माझ्याकडचे रुग्ण लगेच म्हणतात, ‘पण मला तर बरं वाटलं!’ वाटणारच. दुखणे असह्य झाले की माणूस ऑपरेशनला तयार होतो, आणि त्या टोकानंतर दुखणे बहुधा उतरतेच. वर महिनाभर विश्रांती, मग व्यायाम, शिवाय कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिल्याचा दिलासा. या सगळ्याचे श्रेय दुर्बीण घेऊन जाते.

पण हे वाचून कुणी सरसकट ऑपरेशनच नको असे ठरवू नये. तसली व्हॉट्सअ‍ॅपी शहाणी मंडळी मला दुसऱ्या बाजूने छळतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वयस्क माणसाचे ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांतच व्हायला हवे. अंथरुणावरचा प्रत्येक जादा दिवस त्याला महागात पडतो. सांध्यात पू झाला तर तासांचा हिशेब असतो. गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल तर तिथे व्यायाम सांगणारी फिजिओथेरपिस्ट बदलावी. बोट वाकवणारी कंडरा कापली गेली तर ती शिवावीच लागते. मात्र शिवल्यानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. बोट अजिबात हलवले नाही तर कंडरा आजूबाजूला चिकटून बोट ताठ होते, जोर लावला तर शिवण तुटते. या दोन्हींच्या मधून रोज थोडे थोडे बोट वाकवत नेणे हे ऑपरेशनइतकेच कौशल्याचे काम आहे, आणि त्याचे छायाचित्र कधी छापून येत नाही.

निकाल कसा सांगावा याचा मला आवडणारा नमुना टाचेच्या कंडरेचा आहे. खेळताना पोटरीत कुणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, मागे वळून पाहावे तर कुणी नाही, आणि कंडरा तुटलेली असते. नॉर्वेतल्या ५२६ रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) वर्षाने पायाचे काम ऑपरेशन केलेल्यांचे आणि न केलेल्यांचे सारखेच निघाले. फरक दुसरीकडे होता. ऑपरेशन न केलेल्यांत कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६.२ टक्के, केलेल्यांत ०.६ टक्के. उलट नसेला इजा होण्याचे प्रमाण न केलेल्यांत ०.६ टक्के, मोठ्या छेदाने केलेल्यांत २.८ आणि छोट्या छेदाने केलेल्यांत ५.२ टक्के. एवढे समोर ठेवले की खेळाडू आपले ठरवतो आणि टेबलावर बसून काम करणारा आपले. दोघांचे उत्तर वेगळे आले तरी दोघेही बरोबर असू शकतात.

गुडघेबदलाचेही असेच सांगता येते. डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात ऑपरेशन आणि व्यायाम असे दोन्ही मिळालेल्यांचे दुखणे नुसता व्यायाम, वजनघट वगैरे उपचार मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाले. गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. आणि बिनऑपरेशनच्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी वर्षभरात गुडघा बदललाच नाही. थांबून पाहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवायला हे कळले तर पाहिजे.

स्वीडनने गुडघ्यांची देशव्यापी नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. अशी नोंद का लागते? खुब्याच्या आधुनिक सांध्याचा जनक जॉन चार्नली याने आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. सुरुवातीला रुग्ण छान चालत. काही वर्षांत वाटी झिजली, कणांमुळे आजूबाजूला सूज आली आणि ते सांधे काढावे लागले. चार्नली रुग्णांना पुन्हा पुन्हा तपासत असे म्हणून ते लवकर ध्यानात आले, आणि १९६२ पासून त्याने वेगळे, टिकाऊ प्लॅस्टिक घेतले. इंग्लंडमध्ये २००९ पासून खुबा आणि गुडघा बदलणाऱ्यांकडून ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनी तेच बारा प्रश्न भरून घेतात. रात्री दुखते का, जिना उतरता येतो का, सामान आणायला एकट्याने जाता येते का, असे साधे प्रश्न. गुण ० ते ४८.

सर्जनमित्र म्हणतात की असे आकडे जाहीर झाले तर अवघड रुग्णाला कुणी हात लावणार नाही. मधुमेह, वय, वजन, आधीची ऑपरेशने यांचा निकालावर परिणाम होतोच. आक्षेप खरा आहे, म्हणून आकडे त्या गोष्टी धरूनच मांडायला हवेत. दुसरी पळवाट मला जास्त सतावते. जो रुग्ण पुन्हा आला नाही तो बरा झाला, असे धरले जाते. न आलेल्यांतले कित्येक दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असतात. तिथून ते माझ्याकडे येतात, म्हणून मला माहीत.

आमच्या विभागात हे बारा प्रश्न आम्ही भरून घेतो. पाच-दहा मिनिटे लागतात आणि वाचता न येणाऱ्यांना आम्ही ते वाचून दाखवतो. वर्षाने फोन करतो. जे फोन उचलत नाहीत त्यांची वेगळी यादी असते. आपल्या प्रतिनिधीने कुठल्याही रुग्णालयाचा निकाल छापताना त्या यादीची लांबीही विचारून आकड्याशेजारीच छापावी, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट