मोजणी बांधावरच शिकवा

महोदय,
जमीनमोजणीची प्रकरणे रखडल्याची आपल्या दैनिकातील बातमी वाचली. मनुष्यबळ कमी आहे हे खरे. पण शिकणाऱ्या मुलांना आपण तयार तरी कुठे करतो? आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम २ वर्षांचा. माझ्या पुतण्याने तो केला, पण अनुभवासाठी जिथे पाठवले तिथे त्याचा महिना झेरॉक्स काढण्यात गेला.

कोकणातली मोजणी टेबलावर शिकता येत नाही. आमच्या पोटहिस्स्याच्या हद्दीचा दगड करवंदीची जाळी तोडल्यावर जांभ्याच्या गडग्याखाली सापडला. मोजणीचे रोव्हर यंत्र चालते उपग्रहांच्या संकेतांवर. आंबा-फणसाच्या दाट सावलीत ते नीट मिळत नाहीत, मग टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन व अंतर मोजणारे यंत्र) आणि टेपच धरावा लागतो. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा. वाटण्या होऊन इथे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे उरलेत. हातभर चुकले तरी भाऊबंद कोर्टात उभे राहतात.

प्रशिक्षणार्थींना भूकरमापकासोबत, म्हणजे सरकारी मोजणीदारासोबत, बांधावरच पाठवावे, तेही पाऊस सरल्यावर, दिवाळी ते मे या काळात. प्रवासखर्चही द्यावा, आमच्या वाडीवर एसटी दिवसातून दोनदाच येते.

– एक बागायतदार, गुहागर