थिबा राजवाड्याची सहल यंदा तरी चुकू नये : वाचनालयातर्फे आवाहन

सर्व ग्रामस्थ व मुंबईकर मंडळींस सप्रेम नमस्कार.

गणपतीत सगळ्यांची भेट झाली, पण आरत्या-भजनांच्या गडबडीत मुलांच्या सहलीच्या वर्गणीचा विषय राहूनच गेला, म्हणून हे पत्र.

आपल्या वाचनालयाची रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याची सहल सुरू झाली ती कै. तात्यांमुळे. गोदीतून निवृत्त होऊन ते गावी आले आणि पहिल्या वर्षी एसटीचं सगळं भाडं त्यांनी एकट्यानं भरलं. शाळेच्या बाई पहाटे उठून मुलांसाठी घावणं करायच्या. खालच्या वाडीतल्या बायकांनी एका वर्षी भिशीचे पैसे आणून दिले, पावतीवर नावसुद्धा घालू दिलं नाही. या माणसांचे उपकार फिटायचे नाहीत.

ब्रह्मदेशच्या (आजच्या म्यानमारच्या) शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचललं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची थोरली मुलगी ब्रह्मदेशी जाऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि १९४७ साली इथेच वारली. मागच्या सहलीत चिरेखाणीवर काम करणाऱ्याचा एक मुलगा राजवाड्याच्या जांभ्या भिंतीवर तळवा ठेवून म्हणाला, "बाई, हो आपलोच चिरो!" मग वरच्या मजल्यावर अर्धगोल नक्षीदार खिडकीत उभा राहून भाट्याच्या खाडीकडे बघत बसला. मूर्तींच्या दालनात चला म्हटलं तरी हलेना. राजा इथूनच होड्या बघायचा का, एवढंच विचारत राहिला.

गेल्या वर्षी याच कामासाठी पत्रं धाडली, दोनच उत्तरं आली. सहल रद्द झाली हे मुलांना मलाच सांगावं लागलं. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीला येऊन गेले, आणि आपली मुलं तासाभराच्या वाटेवर असून राहिली, याचं वाईट वाटतं.

यंदा सहल डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, मुलं ४६, दरडोई खर्च ३०० रु. (भाडं, तिकीट, जेवण; परतताना शिवाजीनगरची थिबाची समाधी). रक्कम नोव्हेंबरअखेर खजिनदारांकडे, पावती घ्यावी. मुंबईकरांनी गावी येणाऱ्याच्या हाती द्यावी. तांदूळ, नारळही चालतील. बरोबर येणारे दोन जाणते हवेत, नावं वाचनालयात संध्याकाळी ५ ते ७.

आपला नम्र,
चिटणीस