किर्गिझ मुलांच्या वाट्याला काय?

संपादक महोदय,

किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांच्या बातम्या नेहमी येतात: फी किती, जेवणाचं काय, मुलं सुरक्षित आहेत का. मीही बिश्केकमध्येच शिकलो, आता उदगीरला प्रॅक्टिस करतो. तिथल्या स्थानिक मुलांविषयी मात्र आपल्याकडे कुणी लिहीत नाही.

आमच्या घरमालकीणबाई, आम्ही सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणायचो, नारीनच्या डोंगरातल्या. वडील कोल्खोजवर, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीवर, मेंढपाळ. सोव्हिएत काळात फी नाही, वसतिगृह आणि विद्यावेतन सरकारचं, म्हणून त्या राजधानीत शिकून शिक्षिका झाल्या. १९९१ नंतर कोल्खोज मोडलं, गावची बालवाडीही बंद पडली. त्यांचा भाचा आमच्याच वयाचा, गावच्या किर्गिझ शाळेतला. वरच्या वर्गांत त्याला फिजिक्स शिकवायला शिक्षकच नव्हता. बिश्केकच्या रशियन माध्यमाच्या नावाजलेल्या शाळांतली मुलं खासगी शिकवण्या लावून विद्यापीठाच्या त्याच प्रवेश परीक्षेला बसायची.

ही परीक्षा २००२ पासून देशभर एकच आहे. पूर्वी प्रवेशासाठी पैसे चारावे लागत, त्याला तिने चांगलाच आळा घातला. सरकारी खर्चाच्या जागाही राजधानी, लहान शहरं, खेडी, उंच डोंगरातली गावं अशा वेगळ्या याद्यांतून भरतात. मला ही पद्धत मनापासून पटते. खेड्यातल्या मुलाची गाठ निदान खेड्यातल्याच मुलाशी पडते. पण त्या जागा थोड्या; बहुतेकांना 'कॉन्ट्रॅक्ट'वर, म्हणजे फी भरूनच शिकावं लागतं. आणि शाळेत जे शिकवलंच नाही, ते यादी वेगळी केल्याने कसं भरून निघणार? २००६ आणि २००९ च्या 'पिसा' चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, हा देश सर्वांत तळाला होता.

भाच्याला सरकारी जागा मिळाली नाही. कॉन्ट्रॅक्टची फी झेपण्यासारखी नव्हती. तो मॉस्कोला बांधकामावर गेला. असे लाखो जण रशियात राबतात. त्यांनी घरी धाडलेला पैसा कित्येक वर्षं देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून जास्त भरला आहे. ज्यांच्या आया सरकारी खर्चाने शिकल्या, ती ही पिढी.

मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. त्याचं समर्थन कधीच होणार नाही. पण तेव्हाही आपण फक्त आपल्या मुलांची चौकशी केली. आपल्या वार्ताहराला पुढे कधी तिकडे जाण्याचा योग आला, तर कॉलेजांबरोबर त्याने नारीनच्या एखाद्या शाळेतही जावं, आणि दहावी-अकरावीतली मुलं पुढे कुठे जायचं म्हणतात ते विचारून छापावं, ही विनंती.

– एक डॉक्टर वाचक, उदगीर (जि. लातूर)