मुखत्यारपत्र ऐन गरजेच्या वेळीच रद्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरी ओलांडताच आमच्या थोरल्या बंधूंनी सांगलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मुलाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात पक्षाघाताने त्यांची वाचा आणि समज दोन्ही गेल्यावर पुतण्या ते घेऊन बँकेत गेला, तेव्हा मुदत ठेव मोडता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. आम्ही संतापलो, पण वकिलांकडे गेल्यावर कळले की बँकेचे काही चुकले नव्हते. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो रद्दी झाला.

इंग्लंड व वेल्समध्ये २००५च्या मानसिक क्षमता कायद्याने ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’, म्हणजे क्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र, आणून ही उणीव भरून काढली. माणूस भानावर असतानाच ती करायची असते. एक पैसा-मालमत्तेसाठी, दुसरी औषधोपचार व देखभालीसाठी. करणाऱ्याला सर्व समजले आहे आणि त्याच्यावर दडपण नाही, असा दाखला त्रयस्थाने द्यावा लागतो व सरकारी कार्यालयात नोंदणी झाल्याखेरीज ती वापरता येत नाही. बांधाच्या वादातून पिढ्यान्‌पिढ्या दावे लढणाऱ्या आपल्याकडे असा दाखला किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे जीवन लांबवणारे उपचार नाकारण्याचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्य केले आणि २०२३मध्ये ते दोन साक्षीदारांसह नोटरीपुढे करण्याइतके सोपे केले. पण पैशांच्या व्यवहारांसाठी त्याचा उपयोग नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या लोकांची मुंबईची वारी टळली, हे खरे. तरी डॉक्टरांचे अहवाल, मालमत्तेची यादी आणि वकिलांची फी चुकत नाही.

करार व अभिकरण (दुसऱ्याच्या वतीने मुखत्यार म्हणून व्यवहार करणे) हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा यादीत, असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही कलम २०१मध्ये दुरुस्ती करता येईल. जिल्ह्यातील आमदारांनी विधिमंडळात ही मागणी लावून धरावी. तोवर ज्येष्ठांनी निदान खाती व ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा सूचनेसह जोडनावाने ठेवाव्यात. बंधूंचे पेन्शन खाते वहिनींसोबत असे होते म्हणून घरखर्च चालला; ठेव मात्र त्यांच्या एकट्याच्या नावे आहे, आणि तिच्यासाठी आता कोल्हापूरला अर्ज करायचा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली